सरोजिनी नरडाण्याला उतरली

परत आलेल्या पुस्तकांत मला आजवर काय काय सापडलं, ते आधी सांगतो. एस.टी.ची तिकिटं तर पोतंभर. शिवाय मोरपीस, वाळलेला चाफा, रक्तदाबाच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट, कुंकवाची पुडी, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि एकदा एका उपवर मुलीचा फोटोसकट बायोडेटा. तो बायोडेटा मी पाकिटात घालून त्यांच्या घरी स्वतः नेऊन दिला. झालं, तेव्हापासून ती मंडळी मला स्थळं सुचवणारा माणूस समजायला लागली. पुढे दोन वर्षं पुस्तक बदलायला आले की हळूच विचारायचे, "नाना, नजरेत एखादा मुलगा आहे का?"

पारोळ्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी तीसेक वर्षं ग्रंथपाल होतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, ह्यात काय आहे? पुस्तक द्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा, परत आलं की कपाटात ठेवायचं, मधल्या वेळात पंख्याखाली पेपर वाचायचा. मी ह्यावर कधी वाद घातला नाही, कारण पंखा आणि पेपर ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण खरं काम सुरू होतं ते पुस्तक परत आल्यावर. मी ते उभं धरून त्याची कड बघायचो. वाचलेली पानं बोटांनी किंचित मळतात, न वाचलेली कोरी राहतात. त्यामुळे वाचक कुठवर गेला आणि कुठे कंटाळला, हे मला त्यानं न सांगता कळायचं. एक निवृत्त मुख्याध्यापक आठवड्याला चार जाडजूड ग्रंथ न्यायचे आणि परत करताना "उत्तम, अभ्यासपूर्ण" असा शेरा द्यायचे. चारही ग्रंथ विसाव्या पानापासून पुढे पांढरेशुभ्र. मी कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. एवढं पथ्य ह्या धंद्यात पाळावंच लागतं, नाहीतर गावात राहणं कठीण.

स्वभावानं मी कडक होतो, हे कबूल करतो. कोपरा दुमडलेला दिसला की माझं डोकं फिरायचं. पेन्सिलीची खूण केली, तर खोडरबर हातात देऊन तिथेच बसवून खोडायला लावायचो, मग समोर तहसील कचेरीतले साहेब का असेनात. आमची निम्मी पुस्तकं देणगीतून आलेली, पुन्हा मिळतील न मिळतील असली. पुस्तक टिकलं पाहिजे, हे माझं व्रत होतं म्हणा ना. ते कुणासाठी टिकलं पाहिजे, हा विचार मी फारसा केला नव्हता. तो मला अक्कांनी करायला लावला.

अक्का म्हणजे द्वारकाबाई. साठीच्या पुढच्या, उंच, आवाजानं खणखणीत, बोलणं अहिराणी वळणाचं. किल्ल्याच्या बाजूच्या एका गल्लीत त्यांचा महिला बचत गट होता, आणि त्या गटाचे उडदाचे पापड तालुकाभर जायचे. टाळेबंदी उठल्यानंतरच्या वर्षी एक दिवस त्या वाचनालयात आल्या आणि सभासद झाल्या. स्वतः चौथी शिकलेल्या, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला. त्यांनी मागणी काय केली, तर "जाडं द्या, लवकर संपनारं नको." मी कपाटातून एक दोन भागांची कादंबरी काढली आणि तिचा पहिला भाग दिला. कादंबरीचं नाव सांगत नाही, पुढे मी तिच्याविषयी जे बोलणार आहे त्यानं कुणाचं मन दुखायला नको. तिची नायिका सरोजिनी. मोठ्या घरची सून, घरात चहाच्या चांदीच्या किटल्या, आणि नवऱ्याला तिच्याशी दोन शब्द बोलायला सवड नाही. पहिल्या भागाच्या शेवटी ती एक ट्रंक घेऊन घर सोडते आणि मिळेल त्या आगगाडीत चढून बसते. गाडी सुटते, भाग संपतो.

अक्कांनी मुदत वाढवत वाढवत दीड महिन्यानं पुस्तक परत आणलं. मी उघडलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानापानावर तेलाची बोटं. खालचे कोपरे तर पारदर्शक झालेले. शिवणीत उडदाचं पीठ साचलेलं, झटकलं तर टेबलावर पांढरी रेघ उमटली. मला वाटलं, ह्या बाईनं पुस्तक पोळपाटाखाली टेकू म्हणून लावलं असणार. हॉलमध्ये दहाबारा लोक बसलेले, त्यांच्यादेखत मी त्यांना बोल बोल बोललो. पुस्तक म्हणजे काय, ते कसं हाताळायचं, तुमच्यासारख्यांना देणं ही माझीच चूक, असलं सगळं. आणि कार्ड काढून घेतलं.

अक्का एरवी ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "दुसरा भाग तेवढा द्या, नाना. मंग कारड ठेयी ल्या तुमी." मी दिला नाही. त्या वळल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी पुस्तक पुसत बसलो, आणि आपण काही वावगं केलं असं मला पुढचे तीन महिने एकदाही वाटलं नाही.

तीन महिन्यांनी आमच्या घरी पाहुणे यायचे होते म्हणून आमची मंडळी, म्हणजे बायको, पापड सांगायला त्याच गल्लीत गेली. परत आली ती खुशीत. म्हणाली, "अहो, काय छान चाललेलं असतं तिथे. दहा बायका लाटतात आणि एक जण पुस्तक वाचून दाखवते. मी तर अर्धा तास उभीच राहिले." मी म्हटलं, आमचं पुस्तक नसणार, त्यांचं कार्ड मी बंद केलं आहे. का, म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मी तेलाची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "वाचणारीलाही मधून मधून लाटावं लागत असेल. तेलाच्या हातांनी पानं उलटणार नाही तर काय चिमट्यानं?"

मी उठलो आणि वाचनालयात गेलो. सुट्टीचा दिवस होता, कुलूप काढून ते पुस्तक शोधलं. तेलाचे डाग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखे होते. साडेतीनशे पानांत एकही पान कोरं नव्हतं. मुख्याध्यापकांची पांढरीशुभ्र पुस्तकं मी वर्षानुवर्षं मान डोलावून परत घेतली, आणि जे पुस्तक अकरा बायकांनी अक्षर न् अक्षर ऐकलं, त्याच्या पायी मी कार्ड बंद केलं. कड बघून वाचक ओळखतो म्हणून मिरवणारा मी, आणि माझ्या हातात आलेला सगळ्यात खरा पुरावा मी चिंधीनं पुसत बसलो होतो. त्या दिवशी मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा भाग पिशवीत घालून मी त्या गल्लीत गेलो. अक्कांच्या पुढच्या खोलीत बायका गोलाकार बसल्या होत्या. मधे तेल लावलेल्या लाट्यांची परात, प्रत्येकीपुढे पोळपाट, कडेला चादरीवर ओले पापड. खिडकीपाशी एक तिशी-पस्तिशीची बाई मांडीवर पुस्तक घेऊन वाचत होती. तिचं नाव नसीम, हे मला नंतर कळलं. तिचे यजमान गाद्या भरण्याचं काम करायचे. तिचं शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत झालेलं, आणि वाचन असं की आमच्या समितीवरच्या एकाही वक्त्याला जमणार नाही. कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळत होतं.

मी दाराशी चपला काढत होतो तेव्हा ती वाचत होती, "गाडीचा वेग मंदावला. बाहेर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, नरडाणा. सरोजिनीनं ट्रंक उचलली आणि ती खाली उतरली."

मी एक चप्पल पायात आणि एक हातात असा थांबलो. ही कादंबरी मी दोनदा वाचली होती. दुसऱ्या भागात सरोजिनी पुण्याला मावशीकडे जाते आणि पुढची दोनशे पानं नवऱ्याला पत्रं लिहिते. नरडाणा हे आमच्या धुळ्याकडचं लहानसं स्टेशन, त्याचा तिथे संबंधच नाही. मुळात त्या लेखकानं नरडाणा हे नाव तरी ऐकलं असेल की नाही, शंकाच आहे. इकडे तर सरोजिनी फलाटावरच्या नळाला पाणी पिऊन, कारखान्यात काम मिळेल का म्हणून चौकशी करत निघालीसुद्धा होती.

अक्कांनी मला पाहिलं. "कारड तं बंद शे आमनं," त्या म्हणाल्या. "मंग आते काय लेवाले उनात?" आता आणखी काय घ्यायला आलात, असं त्यांचं विचारणं. लाटणी थांबली. मी सगळ्यांसमोर बोललो होतो, तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती. मी मागितली. चूक माझी झाली, कार्ड चालू केलंय, हवी ती पुस्तकं न्या, डाग पडले तरी चालतील, असं सांगितलं. आता पिशवीतून दुसरा भाग काढायचा, एवढंच राहिलं होतं. हात पिशवीत गेलाही होता. तेवढ्यात माझं लक्ष नसीमकडे गेलं. तिचा चेहरा पापडासारखा पांढरा झाला होता. मांडीवरच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं, पण आकार कादंबरीचा नव्हता. रुंद, पातळ, शाळेतल्या पुस्तकाचा. उघड्या पानावर माणसाच्या पचनसंस्थेची आकृती होती, जठर आणि आतडी, बाणांनी दाखवलेली. ती दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून सरोजिनी वाचत होती.

मी पिशवी बंद केली. म्हटलं, "वाचा की पुढे. मीही ऐकतो थोडं." आणि दाराशी बसलो. पहिल्या दोन वाक्यांना ती अडखळली, मग सरोजिनीला कारखान्याच्या फाटकाशी एक म्हातारी भेटली, आणि नसीम सगळं विसरून त्या म्हातारीच्या मागे गेली. आम्हीही गेलो.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच ती पायरीवर उभी होती. एका दमात तिनं सगळं सांगितलं. तेलाची बोटं तिचीच होती. हातातली लाटी संपवून ती तशीच वाचायला बसायची. तिच्यामुळे अक्कांना चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, कार्ड गेलं, आणि सरोजिनी गाडीतच राहिली. बायका रोज विचारायच्या, पुढं काय झालं असेल. एक दिवस तिच्या तोंडून निघून गेलं की धुळ्याच्या बहिणीकडे दुसरा भाग आहे, मी आणते. बहिणीकडे काहीच नव्हतं. मग घरी होतं ते पुस्तक कव्हर घालून आणलं आणि मनानं वाचायला सुरुवात केली.

"अक्कांना सांगू नका, नाना," ती म्हणाली. "त्या मला लेकीसारखं धरतात. मी इतके दिवस खोटं वाचलं हे कळलं, तर मी त्या खोलीत पुन्हा बसू शकणार नाही. माझ्या दिवसातली तेवढीच एक जागा आहे."

मी म्हटलं, नाही सांगणार. आणि खरा दुसरा भाग उचलून माझ्या टेबलाच्या कप्प्यात टाकला, नोंदवहीत त्याच्यापुढे "बांधणीस पाठविले" असं लिहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी नोंदवहीत लिहिलेलं हे एकमेव खोटं. अक्का मधून मधून यायच्या, सरोजिनीची चौकशी कधी करायच्या नाहीत, दुसरं काहीतरी जाड मागायच्या. मला हायसं वाटायचं. वर्षभरात त्या खोलीत आमची इतकी पुस्तकं वाचली गेली की नवीन मागवायची यादी मी त्यांना विचारून करायला लागलो. प्रवासवर्णनं त्यांना फार आवडायची. एकदा बर्फाच्या प्रदेशातल्या सफरीचं पुस्तक नेलं, ते भर एप्रिलात. अक्का म्हणाल्या, खोली थंड झाली.

ह्याच काळात मी समितीपुढे एक ठराव मांडला. कामाच्या जागी वाचण्यासाठी वेगळं कपाट ठेवायचं, त्यातल्या पुस्तकांना जाड प्लॅस्टिकचं वेष्टन घालायचं, सोबत एक सुती रुमाल द्यायचा, आणि ती पुस्तकं मळली तर कुणाला काही बोलायचं नाही. सदस्यांना वाटलं, नानांची तब्येत बरी नाही. पेन्सिलीच्या खुणेबद्दल साहेबांना खोडरबर देणारा माणूस म्हणतोय, मळू द्या. पण ठराव झाला. मी वाचनालयात केलेल्या कामांपैकी ज्याचा मला खरा अभिमान आहे, ते हे कपाट. संगणक आले, अभ्यासिका झाली, स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी हॉल भरून गेला, ते सगळं कोणीही केलं असतं. त्या मुलांपैकी एकाही मुलाला मी गोष्टीच्या पुस्तकापर्यंत नेऊ शकलो नाही, ही रुखरुख मात्र राहिली. समोर कपाटं असायची आणि ती पोरं त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

मग त्या हिवाळ्यात जळगावला पुस्तकांचा उत्सव ठरला. असे उत्सव तुम्ही पाहिले असतील. सकाळी ग्रंथदिंडी, शाळेच्या मुली लेझीम खेळतात, पालखीत ग्रंथ. मग उद्घाटन, आणि मग वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे अशी तीन भाषणं, जी करणाऱ्यांपैकी दोघांनी गेल्या दहा वर्षांत वाचनालयाची पायरी चढलेली नसते. मी पूर्वी ह्या उत्सवांची भरपूर थट्टा करत असे. ह्या खेपेला मात्र त्यांनी एक नवी गोष्ट ठेवली होती. प्रत्येक तालुक्यातून एक वाचक बोलवायचा, त्यानं मंचावर आपल्या वाचनाविषयी बोलायचं, एका प्राध्यापक बाईंनी त्याला प्रश्न विचारायचे. आमच्या समितीनं अर्थातच मुख्याध्यापकांचं नाव सुचवलं. सगळ्यात जास्त पुस्तकं नेण्यात नोंदवहीप्रमाणे तेच पहिले होते. मी अडून बसलो आणि नसीमचं नाव दिलं.

ती घाबरली. मी तिला शब्द दिला की तसलं काही कुणी विचारणार नाही. आणि इथे माझ्या हातून दुसरी चूक झाली, तीही पहिलीच्याच जातीची. आयोजकांचा एक फॉर्म होता, त्यात एक रकाना, "वाचकाचे आवडते पुस्तक". रकाना रिकामा ठेवणं माझ्या रक्तात नाही. मी त्या कादंबरीचं नाव लिहिलं, आणि पुढे सवयीनं "भाग १ व २" असंही लिहून मोकळा झालो.

अकराच्या अकरा बायका एस.टी.नं जळगावला आल्या. आदल्या दिवशी ऑर्डर पुरी करून, एरंडोलला चहा घेऊन, नव्या साड्यांत. मंडपात नसीम सोडून बाकीच्या तिसऱ्या रांगेत बसल्या. नसीम मंचावर छान बोलली. लाटणं बाजूला ठेवून वाचायला बसताना कसं वाटतं, वाचताना कोण हसतं, कोण डोळे पुसतं, सगळं सांगितलं. लोक खूश होते. मग प्राध्यापक बाईंनी हातातला फॉर्म बघितला. त्या चांगल्या बाई होत्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. म्हणाल्या, ही कादंबरी माझीही आवडती. दुसऱ्या भागात सरोजिनी पुण्याला मावशीकडे जाते, तिथली ती पत्रं वाचताना तुमच्या मैत्रिणींना काय वाटलं?

मी मंडपाच्या कडेला उभा होतो. पुणे, मावशी, पत्रं. तिसऱ्या रांगेत ह्यातलं काही कुणी ऐकलेलं नव्हतं. नसीमनं माईक दोन्ही हातांत धरला आणि त्या रांगेकडे बघितलं. एखादं गोलमाल वाक्य बोलून तिला सुटता आलं असतं. मी मनातल्या मनात तिला म्हणत होतो, बोल काहीतरी, बोल.

"दुसरा भाग मी वाचलेला नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे तो आलाच नाही. माझ्या तेलाच्या हातांमुळे अक्कांचं कार्ड गेलं होतं. जे मी दोन महिने वाचून दाखवलं, ते पुस्तकात नव्हतं, माझ्या मनातलं होतं. अक्का, मी तुम्हा सगळ्यांना फसवलं. मला माफ करा."

अक्का उठल्या. त्यांना माईकची गरज नव्हतीच.

"आमले पयला दिनपाईन ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "इतला मोठा घरनी बाई नरडाणाले कसाले उतरी?"

सगळा मंडप हसला. अक्का हसल्या नाहीत. त्या नसीमकडेच बघत होत्या, आणि सगळ्याजणींना काय बजावून ठेवलं होतं ते तिलाच सांगत होत्या. "मी बठ्ठीसले सांगी ठेयेल व्हतं, कोनीबी बोलू नका. आपन बोलनूत तं ती थांबी जाई."

नसीमनं माईक टेबलावर ठेवला आणि पदर तोंडाशी धरला. प्राध्यापक बाई खुर्चीवरून उठून तिच्यापाशी गेल्या. टाळ्या किती वेळ चालल्या ते मला सांगता येणार नाही, कारण मी चष्मा काढून पुसत होतो. उत्सवांची थट्टा मी त्या दिवसापासून बंद केली. त्या खोलीत हे दोघींच्या मनात कायमचं दबून राहिलं असतं, ते त्या मंचामुळे बाहेर आलं. शिवाय त्याच दुपारी धुळ्याहून आलेल्या एका ग्रंथपाल बाईंनी मला गाठून कपाटाची, रुमालाची सगळी माहिती लिहून घेतली. आता त्यांच्याकडे शिवणवर्गात एक जण वाचते आणि बाकीच्या काज-बटणं करतात.

परतीच्या गाडीत अक्का माझ्या शेजारी बसल्या. खरा दुसरा भाग माझ्याकडेच असणार, हे त्यांनी मंडपातच ताडलं होतं. म्हणाल्या, "आते तो बी द्या, नाना. पाहूत त्यानी काय लिखेल शे." मी दुसऱ्याच दिवशी दिला, आणि नोंदवहीत "बांधणीहून परत" असं लिहून त्या खोट्याची एकदाची वाट लावली. पुस्तक नसीमनंच वाचून दाखवलं, एकही शब्द न बदलता. पंधरा दिवसांनी अक्का ते घेऊन आल्या. कसं वाटलं, विचारलं. पुस्तक टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "बरा शे. पन त्यामा नरडाणा नही."

मी निवृत्त होऊन आता काही महिने झाले. दर गुरुवारी दुपारी मी त्या गल्लीत जातो. मंडळी म्हणते, पापड आणायला एवढा वेळ कसा लागतो. सध्या तिसरा भाग चालू आहे. तो कुठल्याही पुस्तकात नाही आणि आता कव्हर घातलेलं विज्ञानही लागत नाही. नसीम दोनशेपानी वहीत आधी लिहून आणते आणि वाचते. सरोजिनीनं नरडाण्यात कारखान्यातल्या बायकांसाठी एक खोली मिळवली आहे. गेल्या महिन्यात त्या खोलीत एक नवीन माणूस आला. गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, कपाळावर आठ्या, हातात खोडरबर. आल्या आल्या त्यानं सरोजिनीचं कार्ड काढून घेतलं. त्या दिवशी दहाही जणी लाटणी थांबवून माझ्याकडे बघत होत्या, आणि अक्का तोंडावर पदर धरून हसत होत्या.

त्याचं पुढे काय होतं, सुधारतो की तसाच राहतो, म्हणून मी नसीमला दोनदा विचारलं. ती वही मिटते आणि म्हणते, "गुरुवारी या."